तिण्णैवरच्या अक्का आणि मान डोलवणारी बाहुली

"सांग गे, सांग. मला काही दिसत नाही."

असं म्हणून अक्का नाकाच्या शेंड्यावरचा चष्मा काढायच्या, काड्या मिटून तो शेजारी ठेवायच्या आणि मान हळूहळू डोलवू लागायच्या. समोरची बाई पदराचं टोक पिळत बसलेली असायची. चष्मा खाली गेला की तिचे खांदे थोडे सैल पडायचे. मग ती बोलायची. नवऱ्यालाही न सांगितलेलं, आईलाही न विचारलेलं बोलायची.

मुलांनो, तुम्ही मागच्या वेळी फोनवर विचारलंत की आपल्या नवरात्रातल्या कोलूतल्या त्या एका बाहुलीच्या कानांवर भोकं का आहेत. फोनवर सांगण्यासारखी ती गोष्ट नाही, म्हणून लिहिते आहे. मराठी अवघड वाटली तर आईकडून वाचून घ्या. ही माझी पुस्तकातून शिकलेली मराठी आहे. घरात आम्ही बोलायचो ती तंजावरची, निम्मी तमिळ. ती कागदावर उतरवली तर तुमच्या पुण्याच्या काकूला हसू आवरणार नाही.

मद्रासला मैलापुरात, देवळाच्या टाक्याजवळ आमचं घर होतं, आणि बरोबर समोर अक्कांचं. त्या आमच्याच तंजावरी मराठी लोकांपैकी. कोवळ्या वयात विधवा झाल्या आणि वडिलांनी हट्टाने डॉक्टर केलं. सकाळी बायकांच्या इस्पितळात जात आणि दुपारनंतर घरी बसत. तमिळ शेजारी त्यांना डॉक्टरम्मा म्हणत, आम्ही अक्का. मी बी. ए. झालेली, टंकलेखन येणारी सून, म्हणून आठवड्यातून दोन दुपारी त्यांचं इंग्रजी लिखाण टाइप करून द्यायला जात असे. तुमच्या आजोबांची हरकत नव्हती. सासूबाईंची होती, पण "डॉक्टरकडे जाते" या शब्दांपुढे त्या गप्प बसत.

त्या लिखाणात काय होतं? बायकांना लग्न म्हणजे काय हे लग्नाआधी कुणी सांगितलं होतं का, काय सांगितलं होतं, पहिल्या रात्री भीती वाटली का, नंतर कधी सुख वाटलं का. नाव कुणाचंच नाही. पहिल्या दिवशी टाइप करताना माझी बोटं थांबली, तेव्हा अक्का म्हणाल्या, "लाजायचं असेल तर लाज गे, पण ओळ चुकवू नकोस."

त्यांची काम करण्याची रीत फक्त आपल्याकडेच सुचली असती. त्या काळी बाई एकटी घराबाहेर पडली की कुठे चाललीस, कशाला, कधी येशील, हे तीन जण विचारत. फक्त नवरात्रात कुणी विचारत नसे. घरोघर पायऱ्यांवर बाहुल्यांची कोलू मांडलेली असायची आणि बायका संध्याकाळी नटूनथटून एका घरून दुसऱ्या घरी जायच्या, गाणं म्हणायच्या, हळदकुंकू आणि द्रोणभर सुंडल, म्हणजे हरभऱ्याची उसळ, घेऊन निघायच्या. एखादीला अर्धा तास जास्त लागला तर कुणाला कळणार? तो अर्धा तास अक्कांच्या तिण्णैवर जायचा. तिण्णै म्हणजे दारापुढचा ओटा. अक्का विधवा, त्यामुळे त्यांना कुठल्याच कोलूचं बोलावणं नसे. त्या दिवा लावून आपल्या ओट्यावर बसायच्या आणि कोलू बघून आलेल्या बायका त्यांच्याकडे वळायच्या. त्यांच्याच द्रोणातलं सुंडल खात अक्का ऐकायच्या. "मला बोलावत नाहीत हे बरंच आहे," त्या म्हणायच्या, "मी कोलू बघत फिरले असते तर माझ्याकडे कोण आलं असतं?"

एकदा त्या मला मद्रासजवळच्याच कोवलमला घेऊन गेल्या, कोळणींशी बोलायला. तिथे चष्मा काढायची गरजच पडली नाही. जाळी विणता विणता त्या बायकांनी सगळं खुल्या आवाजात सांगितलं, एकमेकींच्या पाठीवर थापा मारत. शेवटी एका म्हातारीने विचारलं, "डॉक्टरम्मा, एवढं सगळं विचारून घेताय, करणार काय तुम्ही त्याचं?" हशा उसळला. अक्काही इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

परतताना आम्ही रस्त्यावर बसची वाट बघत होतो. अक्कांनी चष्मा काढून पदराने पुसायला घेतला होता. लांब, सरूच्या झाडांपाशी धुळीत काहीतरी हललं. मला नुसता ठिपका दिसला. अक्का म्हणाल्या, "ही आपली नव्हे. महाबलीपुरमची आहे, टेक जरा." बस आली, पाटी वाचली, महाबलीपुरमचीच होती. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी चष्मा नाकावर चढवला आणि समुद्राकडे बघू लागल्या. मी काही विचारलं नाही, कुणाला सांगितलंही नाही.

पुढे त्यांचं लिखाण पुस्तक होऊन निघालं. इंग्रजीतलं, जाडजूड, तक्त्यांनी भरलेलं. आमच्या रस्त्यावर कुणी ते वाचलं नसतं. पण एका तमिळ साप्ताहिकाने उचललं. अमेरिकेत कुणी प्राध्यापक असलेच प्रश्न विचारत फिरतो म्हणे, आता आपल्या मैलापुरातही एक अम्मा निघाली आहे, असं लिहून वर चित्र काढलं: चष्मेवाली बाई, काखेत छत्री, शयनगृहाच्या दाराला कान लावलेला.

तिथून ते वाऱ्यासारखं पसरलं. दिवाळी अंकांत विनोद आले. सभेच्या, म्हणजे नाट्यमंडळाच्या, नाटकात एका विनोदी नटाने लुगडं नेसून चष्मा लावला. मग सिनेमात एक डॉक्टरम्मा आली. ती भिंगातून नवरदेवाला न्याहाळायची आणि मान डोलवत म्हणायची, "सोल्लुम्मा, सोल्लु!" म्हणजे सांग बाई, सांग. नवरदेव खिडकीतून उडी टाकून पळायचा. थिएटर डोक्यावर घ्यायचे लोक. महिन्याभरात भाजीवाला भाव सांगताना "सोल्लुम्मा" म्हणू लागला. सायकलवरून जाणारे कॉलेजकुमार अक्कांच्या घरासमोर घंटी वाजवून तेच ओरडत. अक्का ओट्यावरून हात हलवायच्या. पण त्या वर्षी ओट्यावर बायका येईनाशा झाल्या.

आता सीतेबद्दल सांगते. तुम्ही जिला सीताआजी म्हणत होता, जी तुम्हाला पत्त्यांत लबाडी करून हरवायची, तीच. माझी धाकटी जाऊ. हे सगळं लिहायला तिनेच सांगितलं होतं: "मी गेल्यावर लिहा वहिनी. पण नाव माझंच घाला, उगाच दुसरीचं नको." म्हणून तिचं नाव घालते.

सीता आणि माझा दीर रघू यांचं लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती. मूल नव्हतं. सासूबाईंनी रामेश्वर केलं, पिंपळाला फेऱ्या घालायला लावल्या, काढे पाजले. खरी गोष्ट एकट्या सीतेला ठाऊक होती आणि तिने ती आदल्या नवरात्रात अक्कांच्या ओट्यावर सांगितली होती. त्या दोघांत नवराबायकोसारखं काही घडलंच नव्हतं. रघू भित्रा, सरळ, पूजाअर्चा करणारा मुलगा. पहिल्या रात्री घाबरला, आणि पुढची प्रत्येक रात्र आदल्या रात्रीच्या शरमेने वाया गेली. दोघं एका खोलीत पाठ करून झोपत. अक्का तिला एवढंच म्हणाल्या होत्या, "यात रोग नाही गे. त्याला माझ्याकडे पाठव. चार वेळा बोलू, सुटेल." सीतेने महत्प्रयासाने त्याला राजी केलं होतं. आणि नेमका तेव्हा तो सिनेमा आला. रघूने तो कचेरीतल्या मित्रांबरोबर पाहिला. घरी आला तो पांढराफटक. "त्या ओट्यावर मी पाऊल ठेवलं तर उद्या माझ्या टेबलापाशी येऊन 'सोल्लुम्मा' म्हणतील," तो सीतेला म्हणाला. विषय संपला.

सासूबाईंनी ठरवलं की दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सीतेने कुंभकोणमला माहेरी जायचं. "चार महिने राहून ये, हवापालट होईल." हवापालट म्हणजे काय ते सगळ्यांना कळत होतं. दुसऱ्या लग्नाला आता कायद्याची बंदी होती, पण बायकोला माहेरी टाकून द्यायला कुठला कायदा लागतो? एग्मोर स्टेशनवरून सुटणाऱ्या गाडीचं तिकीट आलं. सीतेची ट्रंक पलंगाखालून बाहेर निघाली. नवऱ्याची गोष्ट सासूला सांगायची तर नवऱ्याची अब्रू जाते आणि न सांगावी तर आपलं घर जातं. ती नुसती साड्यांच्या घड्या घालत राहिली.

त्याच नवरात्रात सासूबाईंनी ती बाहुली आणली. देवळाशेजारच्या उत्तर माड वीथीवर दरवर्षी बाहुल्यांचा बाजार भरतो आणि कुंभार नेहमीच काहीतरी नवं करतात, कधी पोलीस, कधी क्रिकेट खेळणारा. त्या वर्षी डॉक्टरम्मा निघाली होती. आपली तंजावरची असते ना, टिचकी मारली की मान डोलते, तशी. पांढरी साडी, हातात बॅग आणि नाकावर तारेचा खराखुरा चष्मा. सासूबाईंनी हसत हसत ती सगळ्यात खालच्या पायरीवर, चेट्टियार वाण्याच्या बाहुलीशेजारी ठेवली. येणारी प्रत्येक बाई तिला टिचकी मारायची आणि "सोल्लुम्मा, सोल्लु" म्हणून हसायची. सीता हळदकुंकवाचं ताट घेऊन तिथेच उभी असायची. बाहुलीची मान डोलू लागली की ती भिंतीकडे बघायची.

शेवटच्या संध्याकाळी घर भरलं होतं. कोपऱ्यावरच्या वकिलाची बायको नुकतंच गाणं संपवून बाहुलीपाशी वाकली होती. तिने टिचकी मारली, आणि तेवढ्यात दारातून आवाज आला, "मला आत घ्याल का?"

उंबऱ्याबाहेर अक्का उभ्या होत्या.

नवरात्रात आमच्याच काय, कुणाच्याच उंबऱ्याच्या आत त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. कपाळ मोकळं, तीच पांढरी साडी. कुणी हललं नाही. बाहुलीची मान तेवढी टिक टिक करत डोलत होती, आणि ती थांबवायचं कुणाला सुचेना.

सासूबाई उठल्या. "कोलू बघायला आलेल्याला कुणी नाही म्हणत नाही," त्या म्हणाल्या. आवाज मात्र कोरडा होता.

अक्का आत आल्या. वाटेतल्या बायकांनी पाय आखडून घेतले. त्या थेट खालच्या पायरीपाशी जाऊन वाकल्या. "ही मी का?" त्यांनी बाहुलीच्या पदरावरून बोट फिरवलं. "साडी बरी नेसवली आहे हो. माझी कधी अशी चापून बसत नाही." मग त्यांनी दोन बोटांनी बाहुलीच्या कानांत खोचलेला तारेचा चष्मा ओढून काढला आणि पायरीवर ठेवला. "हिला हा नको. ऐकताना लागत नाही."

आणि त्या सासूबाईंच्या समोर चटईवर बसल्या.

"तुमची धाकटी सून परवा जाणार म्हणे."

"ती आमच्या घरातली गोष्ट आहे."

"म्हणून तर घरात येऊन विचारते आहे."

सासूबाईंच्या कानशिलाजवळची शीर उडताना मला दिसत होती. त्यांनी एकदा सीतेकडे पाहिलं, मग अक्कांकडे, आणि सगळ्यांसमोर विचारलं, "गेल्या वर्षी ती तुमच्या ओट्यावर बसली होती. लोक मला सांगतात. काय सांगितलं तिने तुम्हाला?"

सीतेच्या हातातलं ताट वाजलं. मी तिच्या मागे होते, मी ते धरलं. एक वाक्य, मुलांनो. अक्कांनी एक वाक्य उच्चारलं असतं तर सीतेचं जाणं टळलं असतं, पण रघूला त्या रस्त्यावर मान वर करता आली नसती आणि सीतेला त्याच्यासमोर. वकिलाची बायको पुढे झुकली होती.

"कुणी?" अक्का म्हणाल्या.

"सीतेने."

"मला काय ठाऊक बाई. माझ्या ओट्यावर कोण बोलतं ते मला दिसतच नाही." अक्कांनी आपला चष्मा काढला, काड्या मिटल्या, चटईवर ठेवला. त्यांची मान हळूहळू डोलू लागली. "आता तुम्ही सांगा."

"मी? मी काय सांगायचं?"

"तुमचं लग्न झालं तेव्हा तुम्ही केवढ्या होता?"

माझ्या सासूबाईंना असला प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. आता ओरडतील, असं मला वाटलं. पण त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सगळ्यांना तांबूल दे. उशीर झाला आहे." उशीर कसला, दिवेलागण नुकती झाली होती. मी पानं, सुपाऱ्या, नारळ दिले. बायका निघाल्या. वकिलाच्या बायकोला दारापर्यंत मला जवळजवळ ढकलावं लागलं.

"आता तुम्ही दोघी आत जा. डॉक्टरांना सुंडल आणा," सासूबाई म्हणाल्या.

आम्ही स्वयंपाकघरात द्रोण भरून उभ्या राहिलो. सीतेने माझा दंड एवढा घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी वळ निळा पडला. बाहेरून सासूबाईंचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते. इतक्या खालच्या सुरात त्या बोलू शकतात हेच मला माहीत नव्हतं. मध्येच त्या थांबायच्या. एकदा खोकल्यासारखं काही ऐकू आलं, पण तो खोकला नव्हता. अक्कांचा आवाज मात्र एकदाही आला नाही.

खूप वेळाने हाक आली. आम्ही बाहेर गेलो तेव्हा दोघी उभ्या होत्या. सासूबाईंचे डोळे लाल होते. त्यांनी अक्कांच्या ओटीत नारळ आणि विड्याची पानं घातली, मग सवयीने त्यांचा हात कुंकवाच्या करंड्याकडे गेला आणि वाटेत थांबला. तो थांबलेला हात आम्ही चौघींनी पाहिला.

"नारळ पुरे," अक्का म्हणाल्या, आणि रस्ता ओलांडून गेल्या. सुंडल तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. रघू पूजा करून उठतो न उठतो तोच सासूबाई म्हणाल्या, "रघू, माझे गुडघे फार दुखताहेत. डॉक्टरकडे चल माझ्याबरोबर."

"आई, तिथे नको. ती बाईमाणसांची डॉक्टर—"

"मग? गुडघे बाईमाणसाचेच आहेत ना?"

त्यांनी त्याचं कोपर धरलं आणि भर सकाळी, सगळ्या रस्त्यादेखत, त्याला पलीकडे नेलं. एक सायकलवाला घंटी वाजवत ओरडला, "सोल्लुम्मा!" रघू मागे फिरू लागला. सासूबाईंनी पकड सोडली नाही. त्यांनी त्याला आत पाठवलं आणि स्वतः तिण्णैवर पाय लांब करून बसल्या. येणाऱ्याजाणाऱ्याला मोठ्याने सांगत होत्या, "गुडघ्याचं औषध हो. मुलगा आत घ्यायला गेलाय."

मुलांनो, माझ्या सासूबाईंचे गुडघे उत्तम होते. रोज पहाटे देवळाच्या टाक्याला प्रदक्षिणा घालायच्या. पण पोंगलपर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, दर आठवड्याला ते गुडघे दुखत राहिले आणि रघू त्यांना घेऊन जात राहिला. तिकिटाचं काय, असं तुमच्या आजोबांनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "सणाची गर्दी असते गाडीत. पुढे बघू." सीतेची ट्रंक परत पलंगाखाली गेली. तिथून ती बाहेर आली ती थेट, तिच्या मोठ्या मुलीच्या बारशाला रेशमी साडी काढायला.

एकदा मी सासूबाईंना विचारलंच, की एवढ्या सगळ्या बायकांदेखत दुखावलेल्या असताना त्या अक्कांशी कशा बोलल्या. त्या तांदूळ निवडत होत्या. "चष्मा काढला ना तिने," त्या म्हणाल्या.

"पण आई, त्यांना…"

"ठाऊक आहे मला. वाचायचा चष्मा गे तो. माझ्या वडिलांचाही तसाच होता. काढला की लांबचं अधिकच स्वच्छ दिसतं." त्यांनी एक खडा वेचून टाकला. "सगळ्यांनाच ठाऊक असेल. पण कुणीतरी आपल्यासाठी एवढं करतं ना."

अक्का साठीनंतर तंजावरला भावाकडे गेल्या आणि तिथेच वारल्या. त्यांचं घर काही वर्षं बंद होतं. नवरात्रात बायका तरीही त्या रिकाम्या तिण्णैवर टेकायच्या आणि आपापसात बोलत बसायच्या. सिनेमातला विनोद लोक विसरून गेले. आता तिथे चार मजली इमारत आहे, तिला ओटाच नाही.

पण मला त्या आठवतात त्या पुढच्याच वर्षीच्या नवरात्रातल्या. बायका अजून आल्या नव्हत्या. सासूबाई कोलू मांडत होत्या. बाहुली त्यांनी खालून उचलून वरच्या पायरीवर, लक्ष्मीच्या जवळ ठेवली. कानांवर चष्म्याची भोकं तेवढी उरली होती. मग त्यांनी करंडा उघडला, बोट बुडवलं आणि बाहुलीच्या कपाळावर ठसठशीत कुंकू लावलं. मी बघते आहे हे त्यांच्या लक्षात आलं.

"बाहुली आहे ती," त्या माझ्यावर खेकसल्या. "तिला कसली विधवा अन् कसली सवाष्ण. दार उघड सगळं, उजेड येऊ दे."

मी दाराच्या दोन्ही फळ्या उघडल्या. समोर ओट्यावर अक्का दिव्याची वात सारखी करत होत्या. त्यांनी मान वर केली. आमच्या दारातून पायऱ्या दिसत होत्या, मध्ये पूर्ण रस्ता होता, सायकली, बैलगाडी, धूळ.

त्यांनी चष्मा काढला, आणि बराच वेळ आमच्या कोलूकडे बघत राहिल्या.